मार्गदर्शक बाजूला होतो तेव्हा

1643 साली इंग्लंडच्या मध्य भागातला एकोणीस वर्षांचा एक तरुण घर सोडून निघाला. जॉर्ज फॉक्स त्याचे नाव. बाप विणकर, मुलगा जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. मनात काहूर माजलेले, आणि ते ऐकून घेणारा कुणीतरी भेटावा एवढीच इच्छा. मॅन्सेटरच्या वृद्ध पाद्र्याने त्याला सल्ला दिला की तंबाखू ओढ आणि स्तोत्रे म्हण. फॉक्सला तंबाखूची आवड नव्हती आणि गाण्याची मनःस्थिती तर मुळीच नव्हती. वर या पाद्रीबाबांनी पोराचे दुखणे घरच्या नोकरांना सांगून टाकले आणि ते दूध काढणाऱ्या मुलींपर्यंत पोचले. कॉव्हेंट्रीच्या एका विद्वान धर्मोपदेशकाशी बागेत फिरताना बरे बोलणे चालले होते; अरुंद वाटेवर वळताना फॉक्सचा पाय वाफ्यावर पडला आणि विद्वान महाशय असे भडकले की संवाद तिथेच आटोपला. आणखी एकाने औषध दिले, रक्त काढायला लावले. रक्ताचा थेंबही निघाला नाही, अशी नोंद फॉक्सने आपल्या आत्मवृत्तात करून ठेवली आहे.

1647च्या सुमारास माणसांकडून असलेली त्याची सारी आशा संपली. आपल्या अवस्थेला उत्तर देऊ शकेल असा एकच आहे, तो ख्रिस्त, हे त्याला त्याच वेळी आतून उमगले. क्वेकर पंथाचे मूळ या अनुभवात आहे. गंमत पुढेच आहे. पाद्री, वेदी, संस्कार सारे बाजूला ठेवणारा हा माणूस उरलेले आयुष्य इतरांना मार्ग दाखवत फिरला, ढीगभर पत्रे लिहीत राहिला. आणि मौन प्रार्थनासभांवर लक्ष ठेवायला त्याच्या पंथाने ज्येष्ठ मंडळी नेमली. थेट देवावर विसंबणाऱ्यांनाही एकमेकांवाचून चालले नाही.

मार्गदर्शकाच्या आधाराने धरलेली वाट देवावर विसंबण्यापर्यंत कशी पोचते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय. मराठी वाचकाला गुरुशिष्याचे नाते नवे नाही. नाथ, दत्त आणि वारकरी परंपरांतून ते त्याच्या ओळखीचे आहे, आणि गुरू व देव यांत भेद न मानणारी शिकवणही. ख्रिस्ती परंपरेची गोष्ट इथे जरा अडते. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त, असे नवा करार सांगतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, असे येशू शिष्यांना बजावतो. एवढे स्पष्ट सांगितल्यावरही या धर्मात अब्बा, अम्मा, मठाधिपती, पापनिवेदन ऐकणारे फादर, पाळक आणि ज्येष्ठ अशी मार्गदर्शकांची मोठी रांग उभी राहिली. प्रत्येकाला आपण तात्पुरते आहोत हे ठाऊक असायला हवे होते. ते कुणाला कितपत ठाऊक होते, यात या विषयाची सारी रंगत आहे.

बायबलमध्येच त्याची बीजे सापडतात. देवळात झोपलेला लहानगा शमुवेल हाक ऐकून तीनदा वृद्ध एलीकडे धावतो. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते की हाक आपली नाही, आणि तो मुलाला परत पाठवतो: पुन्हा हाक आली तर उत्तर थेट परमेश्वराला दे. इथवरची कथा रविवारच्या शाळेतही शिकवतात. पुढचा भाग प्रवचनांत बहुधा मागे पडतो. शमुवेलाला जो पहिला संदेश मिळाला तो एलीच्या घराण्याच्या नाशाचा होता, आणि सकाळी तो एलीलाच सांगावा लागला. बाप्तिस्मा करणारा योहान आपले दोन शिष्य येशूच्या मागे जाताना पाहतो आणि अडवत नाही. पौलाला यरुशलेमच्या मंडळीत कुणी जवळ करेना, तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकला बर्णबाने. पुढे योहान मार्क या सहकाऱ्याला सोबत न्यायचे की नाही यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि बर्णबा सायप्रसला निघून गेला. प्रेषितांच्या कृत्यांचे पुस्तक ही फारकत झाकत नाही. करिंथच्या मंडळीत कुणी पौलाचे, कुणी अपुल्लोसाचे असे गट पडले, तेव्हा पौलाने आपल्याच अनुयायांना फटकारले.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात या नात्याला पहिल्यांदा घडीव रूप मिळाले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेकडच्या नायट्रिया आणि स्केटिस या वस्त्यांत तापस एकेकट्या कोठडीत राहत आणि अडलेला तरुण एखाद्या अब्बाकडे, म्हणजे वडीलधाऱ्या तापसाकडे, जाऊन एक शब्द मागे. सिंक्लेटिका, सारा, थिओडोरा अशा अम्माही होत्या. त्यांची वचने पुरुषांच्या वचनांच्या बरोबरीने जपली गेली. उत्तर कधी एका वाक्याचे असे, तर कधी अब्बा नुसतेच गप्प बसत. अब्बा मोझेसने तर सल्ला मागणाऱ्याला त्याच्या कोठडीकडेच परत धाडले. जे शिकायचे ते तिथे बसून शिकता येईल, असे त्याचे म्हणणे.

या वाळवंटाचा उत्तम बातमीदार म्हणजे जॉन कॅसियन. तरुणपणी तिथे राहून आलेल्या कॅसियनने पाचव्या शतकात मार्सेयला मठ स्थापले आणि अब्बांशी झालेली संभाषणे लिहून काढली. त्यांतल्या दुसऱ्या संभाषणात दोन कथा आहेत. हीरॉन नावाचा तापस पन्नास वर्षे वाळवंटात राहिलेला. उपास इतका कडक की ईस्टरच्या दिवशीही तो बंधूंसोबत जेवायला येत नसे. ज्येष्ठांचे ऐकणे त्याने सोडून दिले. देवदूताच्या रूपातल्या सैतानाने त्याला पटवले की तुझ्या पुण्याईमुळे तुला इजा होणार नाही, आणि त्याने खोल विहिरीत उडी घेतली. लोकांनी अर्धमेल्या अवस्थेत वर काढला. तिसऱ्या दिवशी मेला, तरी आपली फसगत झाली हे त्याने मान्य केले नाही.

दुसरी कथा नेमकी उलटी. एका तरुणाने आपल्या मनातल्या कामवासनेविषयी ज्येष्ठाला सांगितले. ज्येष्ठाने त्याला असे झिडकारले की तो मठवास सोडून लग्न करायला निघाला. वाटेत अब्बा अपोलो भेटला. त्याने मुलाला धीर देऊन परत पाठवले आणि प्रार्थना केली की या पोराची यातना त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला येऊ दे. थोड्याच वेळात म्हातारेबोवा वेड लागल्यासारखे कोठडीबाहेर पळत सुटले.

देवाशिवाय कुणाची गरज नाही म्हणणारा आणि शिष्याचे मन न ओळखणारा ज्येष्ठ असे दोघेही कॅसियनने एकाच संभाषणात बसवले आहेत. पुढच्या सोळा शतकांतला बहुतेक वाद या दोन टोकांच्या मधे खेळला गेला.

ऑगस्टीनने या प्रश्नाला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. मिलानचा बिशप अंब्रोज हा त्याचा आदर्श, 387च्या ईस्टरला बाप्तिस्मा देणाराही तोच. पण मनातले प्रश्न निवांतपणे विचारायला अंब्रोजकडे वेळ नसे. तो मुकाट्याने वाचत बसलेला असे आणि ऑगस्टीन पाहून परत जाई. दोनच वर्षांनी ऑगस्टीनने आपल्या मुलाशी, अदिओदातुसशी, झालेला संवाद ग्रंथरूपात मांडला. त्यातला निष्कर्ष असा की बाहेरचा शिक्षक फक्त खूण दाखवतो, खरे शिकवणारा ख्रिस्त आत असतो. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत मठाधिपतीला ख्रिस्ताच्या जागी बसवले. मात्र त्याच नियमावलीच्या पहिल्या प्रकरणात, मठातल्या दीर्घ कसोटीनंतर देवाच्या साहाय्याने एकट्याने लढायला निघालेल्या तापसांनाही त्याने मानाने जागा दिली. आधी माणसांत, मग एकांतात. क्रम उलटलेला त्याला चालत नव्हता.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत ज्येष्ठाचे स्थान आणखी उंच गेले, आणि त्याबरोबर धोकाही. कॉन्स्टँटिनोपलच्या नवधर्मज्ञ सिमिओनने आपल्या दिवंगत मार्गदर्शकाचे चित्र करवून त्याचा उत्सव सुरू केला. चर्चची तशी मान्यता नव्हती. प्रकरण इतके चिघळले की 1009 साली त्याला हद्दपार व्हावे लागले. आणि हाच सिमिओन देवाच्या थेट अनुभवाचा सर्वांत आग्रही पुरस्कर्ता होता! अठराव्या शतकात पैसी वेलिच्कोव्हस्कीने ज्येष्ठांची परंपरा पुन्हा जागवली आणि एकोणिसाव्या शतकात रशियातल्या ऑप्टिना मठात तिला बहर आला. 1878 साली लहानगा मुलगा दगावल्यावर दस्तयेव्हस्की तिथल्या अम्व्रोसी या ज्येष्ठाला भेटायला गेला. ‘कारामाझोव्ह बंधू’मधल्या ज्येष्ठ झोसिमाच्या घडणीत त्या भेटीचा वाटा आहे. कादंबरीत झोसिमा आपल्या तरुण शिष्याला, आल्योशाला, मठ सोडून जगात जायला सांगतो. तो मरतो तेव्हा सर्वांना चमत्कार हवा असतो. उलट त्याच्या देहाला अकाली दुर्गंधी सुटते. आल्योशाची श्रद्धा त्या दिवशी ज्येष्ठाकडून सुटते आणि रात्री ताऱ्यांखाली जमिनीवर कोसळून उठताना दुसरीकडे रुजते. एवढे नेमके चित्र धर्मशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचितच सापडते. त्याच शतकात बिशप इग्नाती ब्रियांचानिनोव्ह मात्र बजावत होता की पूर्वीसारखे ज्येष्ठ आता उरले नाहीत. धर्मग्रंथ आणि धर्मपित्यांची पुस्तके यांवर विसंबावे, हे बरे.

पश्चिमेकडे सोळावे शतक सुपीक ठरले. इग्नेशियस लोयोलाची ‘आध्यात्मिक साधना’ 1548 साली पोपच्या मान्यतेने छापली गेली. सुमारे तीस दिवसांची ही साधना एकाने दुसऱ्याला द्यायची. तरी सुरुवातीच्या सूचनांत इग्नेशियस साधना देणाऱ्याचेच हात बांधतो. चिंतनाचा विषय थोडक्यात सांग, बाकीचे त्याला सापडू दे. साधना चालू असताना संन्यासाची शपथ घ्यायलाही त्याला उद्युक्त करू नकोस; तराजूच्या काट्यासारखा मध्ये राहा आणि निर्मात्याला त्याच्या निर्मितीशी थेट व्यवहार करू दे. मार्गदर्शकाच्या मर्यादेवर एवढे व्यवहारी लेखन क्वचितच झाले असेल. आविलाच्या तेरेसाला पापनिवेदन ऐकणाऱ्या अर्धवट शिकलेल्या फादरांनी वर्षानुवर्षे छळले. धार्मिक पण अडाणी सल्लागारापेक्षा विद्वान बरा, असे तिने अनुभवाने ठरवले. तिच्याहून सत्तावीस वर्षांनी लहान असलेल्या जॉन ऑफ द क्रॉसने तर जिवाला वाट चुकवणाऱ्या तीन आंधळ्यांची यादीच दिली. तिच्यात सैतानाच्याही आधी आध्यात्मिक मार्गदर्शकाचे नाव आहे.

जिनिव्हाचा बिशप फ्रान्सिस दि सेल्स आणि जेन द शांताल यांची कहाणी या पुस्तकाच्या केंद्रस्थानी असावी, हे साहजिक आहे. जेनचा नवरा 1601 साली शिकारीतल्या अपघातात गेला. ऐन तिशीच्या आतल्या या विधवेला जो पहिला मार्गदर्शक मिळाला त्याने तिच्याकडून शपथा घेतल्या: आपली आज्ञा पाळायची, आपल्याला कधी बदलायचे नाही, आपण सांगितलेले गुप्त ठेवायचे, मनातले दुसऱ्या कुणाशी बोलायचे नाही. 1604 साली डिजाँला तिने फ्रान्सिसचे उपवासकाळातले प्रवचन ऐकले. त्याने त्या शपथांतून तिला मोकळे केले, आणि पुढे दोघांनी मिळून 1610 साली आनेसीला व्हिजिटेशन हा भगिनीसंघ स्थापन केला. जिव्हाळा गाढ होता. 1616च्या मे महिन्यात जेन एकांतसाधनेला बसली असता फ्रान्सिसने पत्रांतून तिला सांगितले की आता सारे आधार सोड, माझाही. तिने ते स्वीकारले. सहा वर्षांनी, 1622च्या डिसेंबरात, दोघे ल्याँ शहरात भेटले. बऱ्याच काळानंतरची ही भेट. जेनला आत्म्याविषयी पुष्कळ बोलायचे होते. फ्रान्सिसने आधी मठांची कामे काढली, बाकीचे आनेसीला गेल्यावर बोलू म्हणाला. 28 डिसेंबरला तो वारला. त्यानंतर जवळजवळ एकोणीस वर्षे जेनने संघ चालवला. या काळात अंतरीच्या अंधाराने तिची पाठ सोडली नाही.

असे जाणूनबुजून बाजूला होणे इतिहासात दुर्मीळ आहे, आणि हे पुस्तक तेच ठासून सांगते. बहुतेकांची सुटका मृत्यूने, प्रवासाने किंवा भांडणाने झाली. मार्टिन ल्यूथर पापाच्या भयाने पिचत असताना त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्स याने त्याला ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला शिकवले. 1518 साली त्यानेच ल्यूथरला आपल्या आज्ञेच्या बंधनातून मुक्त केले. ल्यूथर त्या वाटेने इतका दूर गेला की श्टाउपिट्सला सोबत जाता आले नाही; तो साल्झबर्गच्या बेनेडिक्टाइन मठाचा अधिपती होऊन 1524 साली कॅथलिक म्हणूनच गेला. ल्यूथरने पुढे मार्गदर्शक म्हणून आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर एक सुरेख पुस्तिका लिहिली. 1535 साल होते ते. त्याच वर्षी या पेटर न्हाव्याने जावयाला भोसकून मारले. ल्यूथरने रदबदली करून त्याचा जीव वाचवला. पुस्तिका आजही वाचली जाते.

जॉन वेस्लीला श्रद्धेचे मर्म समजावणारा मोरेव्हियन धर्मोपदेशक पीटर बोलर 4 मे 1738 रोजी अमेरिकेला जायला लंडनहून निघाला. वेस्लीला हवा होता तो अनुभव आला 24 मे रोजी, आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत. विसाव्या शतकात डीट्रिश बोनहोफरने नाझी राजवटीत फिंकेनवाल्डेच्या पाळक-प्रशिक्षणगृहात सामूहिक जीवनाचा प्रयोग केला आणि गेस्टापोने ते बंद पाडल्यावर 1939 साली त्यावर छोटेसे पुस्तक काढले. त्याचा मुद्दा असा: ख्रिस्ती माणूस दुसऱ्यापर्यंत थेट पोचत नाही, ख्रिस्तातून पोचतो; जिथे एक जण दुसऱ्याच्या मनावर सरळ ताबा मिळवतो तिथे भक्तीच्या वेषात सत्ता वावरते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध दूरचा नाही. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या आध्यात्मिक पालनाची जबाबदारी तिथल्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिनकडे आली. रमाबाई पत्रांत तिला प्रेमाने आजीबाई म्हणत. मात्र चर्चचा अधिकार, त्रैक्याचा सिद्धांत, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, अशा एकेका प्रश्नावर दोघींत खडाजंगी झाली. 1885च्या एका पत्रात रमाबाईंनी स्पष्ट कळवले की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जोखड नुकतेच उतरवले आहे, आता तसेच दुसरे मानेवर घेण्याची इच्छा नाही. जेराल्डिनला यात अहंकार दिसला. आज वाचणाऱ्याला दोघींचेही काही ना काही पटते.

पुढे रमाबाईंची वाट देवावर विसंबण्याकडे वळली, ती बरीचशी पुस्तकांच्या सोबतीने. ब्रिस्टलच्या अनाथालयाचा जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारा हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीजचा जॉन पेटन यांच्या चरित्रांनी त्यांच्यावर खोल ठसा उमटवला. माणसांपुढे हात न पसरता प्रार्थनेच्या बळावर संस्था चालवता येते का, हा प्रश्न त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या रोजच्या जेवणाशी जोडला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यामागेही परक्या पालकत्वातून बाहेर पडण्याची ओढ होतीच. अलीकडचे उदाहरण मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो. पुण्यात सुरू होऊन लोणावळ्याला गेलेल्या त्यांच्या साधना संस्थेत मार्गदर्शकांनाच मार्गदर्शनावाचून उभे राहायला शिकवले जाई. 1998 साली, त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनातील काही मतांबद्दल इशारा काढला. मोकळीक कुठवर, हा वाद अजून मिटलेला नाही.

आज हा विषय पुन्हा ऐरणीवर येण्याची कारणे सुखद नाहीत. 1970च्या दशकात फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून पाच उपदेशकांनी चालवलेल्या ‘शेफर्डिंग’ चळवळीत नोकरी, लग्न, घर अशा निर्णयांसाठी आपल्या ‘मेंढपाळा’ची परवानगी घेतली जाई. त्या पाचांतल्या बॉब मम्फर्डने पुढे जाहीर माफी मागितली. त्याहून मोठा धक्का ‘लार्श’ या संस्थेचा. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसोबत घरे उभारणारा तिचा संस्थापक झाँ व्हानिये जगभर संतासारखा मानला जाई. 2019 साली तो वारला. त्याच वर्षी संस्थेनेच चौकशी सुरू करवली. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्याने स्त्रियांचे शोषण केल्याचे 2020 साली उघड झाले. 2023च्या अंतिम अहवालात अशा किमान पंचवीस स्त्रियांचा उल्लेख आहे. व्हानियेचे स्वतःचे गुरू थॉमस फिलिप यांना याच प्रकारच्या वर्तनासाठी चर्चने 1956 साली दोषी ठरवले होते. शिष्याने त्यांना सोडले नाही. त्यांची शिकवण आणि ते वर्तन दोन्ही पुढे चालवले. मार्गदर्शकापासून वेगळे न होण्याची किंमत इतरांनी मोजली.

अशा बातम्यांनंतर कुणाचाच हात धरू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत पुस्तक ते मान्य करत नाही, आणि हीरॉनची विहीर विसरू देत नाही. त्याचबरोबर मार्गदर्शक चांगला असला की सारे आपोआप सुरळीत होते, असा भाबडेपणाही त्यात नाही. त्याची पद्धत साधी आहे: एकेका नात्यात फारकतीचा क्षण शोधायचा, आणि त्याच्या आधी व नंतर दोन्ही माणसांनी काय लिहिले, काय केले, ते पाहायचे. त्यामुळे सिद्धांतापेक्षा पत्रे, रोजनिशा आणि आत्मवृत्ते यांवर भर आहे. स्त्रियांना इथे भरपूर जागा मिळाली आहे. कृपेने दिलेली नव्हे, साधनांमुळे आलेली, कारण या विषयावरचा उत्तम पत्रव्यवहार बव्हंशी त्यांनीच जपला. रमाबाईंची पत्रे संकलित करून ठेवली तीही सिस्टर जेराल्डिननेच.

उणिवाही आहेत. इथिओपियाची मठपरंपरा, आफ्रिकेतली स्वतंत्र चर्चे आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या यांना ओझरता स्पर्श आहे. साधना कशी करावी हे शिकायला कुणी हे पुस्तक हाती घेतले तर त्याची निराशा होईल.

ख्रिस्ती इतिहासाशी ज्यांचा फारसा परिचय नाही, त्यांनी पानांचा क्रम पाळायलाच हवा असे नाही. फ्रान्सिस आणि जेन यांच्यापासून सुरुवात करून मग वाळवंटाकडे मागे जावे. कॅसियनच्या कथा तेव्हा अधिक ओळखीच्या वाटतील. रमाबाई आणि जेराल्डिन यांची पत्रे मात्र तारखांच्या क्रमाने, सलग वाचावीत. एकीचे पत्र वाचून दुसरीविषयी मत बनते ते पुढच्या टपालात बहुतेक वेळा बदलते, आणि काही पत्रांची उत्तरे उपलब्ध नसल्याने ते कधी कधी अधांतरीच राहते.